सहा श्वास, मग विश्रांती

कळव्याच्या किंवा वाशीच्या आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक रोज एकच विचारतात, "मशीन कधी काढणार?" न्युमोनिया आटोक्यात आलेला असतो, एक्स-रे सुधारलेला असतो, ऑक्सिजनही कमी लागत असतो. तरी व्हेंटिलेटर काढला की अर्ध्या तासात पेशंटला धाप लागते आणि मशीन परत जोडावं लागतं. अशा वेळी बऱ्याचदा दुखणं फुप्फुसात उरलेलं नसतं. दमलेलं असतं ते श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला घुमटासारखा स्नायू.

प्लॅस्टरमधला पाय बारीक व्हायला काही आठवडे जातात. श्वासपटल त्याहून फार लवकर झिजतं. २००८ साली अमेरिकेत मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासले गेले. १८ ते ६९ तास सगळा श्वास मशीनच देत होतं, तेवढ्यात स्नायूतंतूंच्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालेलं आढळलं. दोन-तीन आठवडे मशीनवर असलेल्या माणसाकडे ताकद किती उरत असेल, याचा अंदाज यावरून येईल.

मग "थोडा वेळ मशीनशिवाय राहू दे, दमला तरी सवय होईल" असं वाटणं साहजिक आहे. पण दमवण्याने ताकद येत नाही. मांड्या वाळलेल्या माणसाला कुणी तलावपाळीला दिवसभर फेऱ्या मारायला लावत नाही. त्याच्याकडून आधार देऊन मोजक्या उठाबशा करून घेतात. श्वासपटलाला ताकद देणारा व्यायामही तसाच असतो: ओझं जड, वेळ थोडा, आणि मध्ये पुरती विश्रांती. ती विश्रांती व्हेंटिलेटरच देतो, म्हणून या व्यायामात मशीन शत्रू नसून मदतनीस आहे.

सुरुवात ताकद मोजण्यापासून होते. श्वास बाहेर जाईल पण आत येणार नाही अशी एकेरी झडप २० ते २५ सेकंद लावतात आणि पेशंटने जास्तीत जास्त किती दाबाने ओढलं ते बघतात. एकक असतं 'सेंटीमीटर पाणी'. शहाळ्यात उभी नळी घालून पाणी २० सेंटीमीटर वर चढवायला जेवढी ओढ लागते, ती २० सेंटीमीटर पाणी. निरोगी प्रौढाची ओढ साधारण ७० ते १०० किंवा त्याहून जास्त असते. २०-३० च्याही खाली गेली, तर मशीन सुटणं कठीण.

व्यायामाचं साधन हातात मावेल एवढी प्लॅस्टिकची नळी असते. आत स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते. ठरवलेल्या दाबाइतकं ओढलं तरच ती उघडते आणि 'फस्स' आवाज येतो. नुसतं बारीक छिद्र असलेलं साधन एवढं भरवशाचं नाही, कारण पेशंट हळूहळू ओढतो आणि ओझं आपोआप हलकं होतं. व्हेंटिलेटरचा ट्रिगर, म्हणजे मशीनने श्वास द्यावा म्हणून पेशंटला लावावी लागणारी ओढ, जड करूनही तितकासा उपयोग होत नाही. तिथे जोर फक्त श्वासाच्या सुरुवातीला लागतो, पुढचं काम मशीन करून टाकतं.

आधी सक्शन, म्हणजे नळीतून कफ ओढून काढणं. कफ झडपेत अडकला की ती नीट बंद होत नाही; आवाज येत राहतो, ओझं मात्र शून्य. पेशंटला शक्य तेवढं उठवून बसवायचं. ट्रॅकिऑस्टॉमीच्या, म्हणजे गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत बसवलेल्या, नळीभोवतीचा फुगा फुगलेला हवा, दाब २० ते ३० सेंटीमीटर पाणी. फुगा सैल राहिला तर हवा नाकातोंडातून आत येते आणि झडप उघडतच नाही. ही चूक वारंवार होते, आणि दोष मात्र "पेशंट प्रयत्नच करत नाही" असा पेशंटवर येतो. मग मोजलेल्या ओढीच्या साधारण निम्म्यावर स्प्रिंग लावायची. ४० असेल तर २०. नेहमीच्या साधनाची पट्टी ९ ते ४१ ची असते. ओढ १८ पेक्षा कमी असेल, तर निम्मं ओझं त्या पट्टीत बसत नाही आणि वेगळं साधन लागतं.

मशीन सोडवून साधन जोडायचं. "आजी, जोरात ओढा... आता सावकाश सोडा." असे सहा श्वास. परत मशीनवर एक-दोन मिनिटं. असे चार ते पाच फेरे, आठवड्यातून पाच दिवस. सहाव्या श्वासाचा आवाज नीट ऐकावा. तो जेमतेम येत असेल तर ओझं बरोबर आहे. सहज येत असेल तर पुढच्या वेळी १-२ सेंटीमीटर वाढवायचं. आवाजच आला नाही तर कमी करायचं. फुगा फुगलेला असताना पेशंटला बोलता येत नाही, म्हणून किती कठीण वाटलं ते दहापैकी बोटांनी दाखवायला सांगायचं. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली आला, श्वास मिनिटाला ३५ च्या पुढे गेला, नाडी एकदम वाढली किंवा श्वास घेताना पोट आत जाऊ लागलं, की लगेच मशीन जोडायचं. छातीत हवा साठलेली असेल, ताज्या फासळ्या मोडलेल्या असतील, रक्तदाब स्थिर नसेल किंवा पेशंट गुंगीत असेल, तर हा व्यायाम सुरूच करू नये.

फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथे मशीन सुटत नसलेल्या ६९ पेशंटवर हे तपासलं गेलं, निष्कर्ष २०११ मध्ये आले. व्यायाम केलेल्यांची ओढ सरासरी ४४ वरून ५४ वर गेली आणि ७१ टक्क्यांचं मशीन सुटलं. तुलनेसाठी नुसता दिखाऊ व्यायाम दिलेल्या गटात हे प्रमाण ४७ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र पोटात पुरेसं प्रथिन नसेल किंवा रक्तातलं फॉस्फेट घसरलेलं असेल, तर स्प्रिंग कितीही नेमकी लावा, स्नायू साथ देत नाही. ओढ वाढत नसेल तर आधी हे रिपोर्ट बघावेत.

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये घरच्या व्हेंटिलेटरवर असलेल्यांनाही हा व्यायाम देता येतो, पण फिजिओथेरपिस्टने समोर बसून शिकवल्यावरच, आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी ठेवून. साधन रोज कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचं, उकळायचं नाही. जुलैत ठाण्यात काहीच वाळत नाही. ओली नळी डब्यात बंद केली तर आत बुरशी धरते. झटकून, पंख्याखाली स्वच्छ फडक्यावर उभी ठेवावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच झाकावी. शेजारी एक वही: तारीख, स्प्रिंगचा आकडा, किती फेरे झाले, सहावा श्वास वाजला की नाही.