रिलीजचा वेग वेगळा, अपग्रेडचा तगादा वेगळा

दोन टूल्समधून एक निवडायचं असलं की कुणीतरी हमखास रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) उघडतं आणि शेवटच्या रिलीजची तारीख बघतं. चार दिवसांपूर्वीची असली तर ‘प्रोजेक्ट जिवंत आहे’, आठ महिन्यांपूर्वीची असली तर ‘ह्याचं काही खरं नाही’. मीही बरीच वर्षं हेच करत होतो. घोळ असा की मोजतो एक आणि भोगतो दुसरंच. मोजतो ते रिलीज किती वेळा येतं. भोगतो ते अपग्रेड किती वेळा करावंच लागतं. पहिल्याला वेग म्हणू, दुसऱ्याला तगादा. दोन्ही एकच असावेत असं वाटतं खरं, पण आकडे मांडून बघितले की ते एकमेकांना फारसे विचारत नाहीत.

कुबरनेटिस (कंटेनर, म्हणजे डब्यात बांधलेले प्रोग्रॅम, अनेक मशीनवर चालवणारी प्रणाली) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) शेजारी ठेवू. कुबरनेटिसची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. पुढे वर्षाला चार मायनर व्हर्जन यायची. २०२१ मध्ये १.२२ पासून ती तीनवर आणली, म्हणजे साधारण दर चार महिन्यांनी एक. पोस्टग्रेसचं मेजर व्हर्जन वर्षातून एकदाच येतं, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला. म्हणजे कुबरनेटिस तिप्पट वेगाने धावतंय?

तसं म्हणायच्या आधी टॅग, म्हणजे प्रत्येक रिलीजला लावलेली खूण, मोजा. कुबरनेटिसमध्ये एका वेळी तीन-चार शाखा (व्हर्जनच्या मालिका) सपोर्टमध्ये असतात आणि प्रत्येकीला जवळपास दर महिन्याला पॅच (छोट्या दुरुस्तीचं रिलीज) मिळतो. वर्षाला तीस-चाळीस टॅग तिथेच झाले. अल्फा, बीटा, रिलीज कँडिडेट या चाचणीच्या आवृत्त्या वेगळ्या. पोस्टग्रेसच्या पाच शाखा चालू असतात आणि फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर या महिन्यांच्या दुसऱ्या गुरुवारी सगळ्यांचे पॅच एकदमच निघतात. ते झाले वीसच्या आसपास. म्हणजे प्रोजेक्ट तेच दोन, पण एका मोजणीत गुणोत्तर तीनास एक आणि दुसऱ्या मोजणीत दोनास एकसुद्धा धड नाही.

त्यातही नावांची गंमत आहे. कुबरनेटिसमध्ये ज्याला ‘मायनर’ म्हणतात तेच मोठं काम. पहिला आकडा २०१५ पासून एकावरच बसलाय. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या व्हर्जनपासून पहिला आकडा म्हणजे मेजर. त्याआधी मात्र ९.५ वरून ९.६ हीदेखील मेजर उडी होती, तितकीच मोठी जितकी ९.६ वरून १० ची. स्क्रिप्ट लिहून ‘पहिला आकडा बदलला की मेजर’ असं मोजणाऱ्याला वाटेल की कुबरनेटिस दहा वर्षं झोपलंय.

आता तगाद्याकडे. त्यासाठी रिलीजचं पान बंद करून सपोर्टच्या मुदतीचं पान उघडावं लागतं. कुबरनेटिसच्या एका मायनर व्हर्जनला साधारण चौदा महिने पॅच मिळतात: बारा महिने नेहमीचे, दोन महिने अपग्रेड उरकण्यासाठी. २०२० च्या १.१९ आधी हीच मुदत नऊ महिन्यांची होती, तेव्हा वर्षातून एकदा निवांतपणे अपग्रेड करू म्हणणारी टीम दरवर्षी काही काळ उघड्यावरच असायची. पोस्टग्रेसच्या मेजर व्हर्जनला पाच वर्षं मिळतात.

पण मुदतीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे उडी. कुबरनेटिसचं कंट्रोल प्लेन (क्लस्टर, म्हणजे मशीनचा समूह, सांभाळणारा भाग) एका वेळी एकच पायरी चढतं. १.२९ वरून १.३२ ला जायचं तर १.३० आणि १.३१ वर पाय टेकवावाच लागतो. नोड्सना (काम करणाऱ्या मशीनना) जरा सूट आहे: १.२८ पासून कुबलेट हा प्रत्येक नोडवरचा प्रोग्रॅम कंट्रोल प्लेनमधल्या एपीआय सर्व्हरच्या तीन मायनर व्हर्जन मागे चालतो, आधी दोनच चालायचा. त्यामुळे वर्षातून एकदा कंट्रोल प्लेन तीन पायऱ्या चढवायचं आणि नोड्स एकदाच बदलायचे, असा बेत आता बसतो. तीन पायऱ्या मात्र टळत नाहीत.

पोस्टग्रेसमध्ये १३ वरून थेट १७ वर जाता येतं. पीजी-अपग्रेड हे त्याचं टूल लिंक मोडमध्ये चालवलं तर डेटाच्या फाइल्स कॉपीच होत नाहीत, त्यामुळे अवाढव्य डेटाबेससुद्धा काही मिनिटांत पलीकडे जातो. (लिंक मोडमध्ये नवा सर्व्हर एकदा चालू केला की जुना परत वापरता येत नाही. बॅकअप घेतलाय का, हे त्या एंटरच्या आधी विचारायचं.) शिवाय १८ च्या आधीच्या व्हर्जनवर उतरत असाल तर प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत येत नाही. अपग्रेड झालं, सगळे खूश, आणि पहिल्या दहा मिनिटांत साध्या क्वेऱ्या रांगायला लागतात, कारण ती आकडेवारी पुन्हा गोळा करणारं अ‍ॅनालाइझ चालवायचं राहिलेलं असतं. हे मला दोनदा अनुभवून कळलं. पहिल्यांदा कळायला हवं होतं.

तर हिशेब असा: कुबरनेटिस वर्षाला तीन पायऱ्या मागतं, पोस्टग्रेस चार-पाच वर्षांत एक मोठी उडी आणि तिमाहीला एक रीस्टार्ट. वेगाच्या कुठल्याच आकड्यात हे दिसलं नव्हतं.

पायरी म्हणजे नुसता आकडा बदलणं नाही, हे आमच्या टीमला १.२२ ने शिकवलं. त्या व्हर्जनमध्ये इनग्रेसचे (बाहेरच्या विनंत्या क्लस्टरमधल्या सर्व्हिसपर्यंत नेणाऱ्या नियमांचे) जुने बीटा एपीआय काढून टाकले. अचानक नव्हे, पर्यायी व्ही-वन १.१९ पासून हजर होता आणि तेव्हापासून क्यूबसीटीएल ही कमांड प्रत्येक वेळी इशारा छापत होती. तो आमच्या पाइपलाइनच्या लॉगमध्ये इतर शंभर ओळींसोबत वाहून जायचा. अपग्रेडच्या आधी आम्ही हेल्मचे (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या टूलचे) सगळे चार्ट, म्हणजे बसवायचे साचे, शोधून दुरुस्त केले, रिव्ह्यू झाले, मर्ज झाले, आणि तरीही अपग्रेडनंतर एका सर्व्हिसचं डिप्लॉय अडलं. चार्ट बरोबर, टेम्प्लेट बरोबर, आणि हेल्म म्हणतंय की हा एपीआय माहीत नाही. अर्धा दिवस गेल्यावर उलगडा झाला: हेल्म मागच्या रिलीजचं मॅनिफेस्ट (काय चालवायचं याचं वर्णन) क्लस्टरमध्येच सीक्रेट म्हणून साठवून ठेवतं आणि नवीन लावण्याआधी जुन्याशी ताडून बघतं. ते जुनं मॅनिफेस्ट अजून बीटावरच होतं. ती सर्व्हिस बरेच महिने कुणी डिप्लॉयच केली नव्हती. शेवटी साठवलेलं मॅनिफेस्ट बदलणारं एक प्लगइन वापरून गाडं पुढे गेलं. व्हर्जन चार महिन्यांनी येतं की सहा, याचा त्या अर्ध्या दिवसाशी काही संबंध नव्हता. संबंध होता तो एपीआय काढून टाकायच्या धोरणाशी.

इथे कुणी म्हणेल, मग सपोर्टची मुदत बघितली की झालं. तेही पुरत नाही. गो भाषा घ्या. वर्षाला दोन व्हर्जन, फेब्रुवारी आणि ऑगस्ट, आणि सपोर्ट फक्त शेवटच्या दोनांना. म्हणजे एका व्हर्जनची मुदत वर्षभराची, कुबरनेटिसपेक्षाही कमी. कागदावर तगादा जबरदस्त. प्रत्यक्षात गो १ सोबत २०१२ मध्ये दिलेलं सुसंगतीचं वचन त्यांनी बऱ्यापैकी पाळलंय, त्यामुळे बहुतेक वेळा व्हर्जनचा आकडा बदला, परत कंपाइल करा, टेस्ट चालवा, संपलं. रस्ट ही भाषा तर दर सहा आठवड्यांनी येतं आणि जुन्या व्हर्जनला कुणी पॅच देत बसत नाही. पण जुना कोड मोडू शकणारे बदल ‘एडिशन’च्या नावाखाली बाजूला ठेवलेले असतात: २०१५, २०१८, २०२१, २०२४. तुमचा कोड २०१८ वर ठेवून कंपायलर आजचा वापरा, कुणी हटकत नाही. वेग भरपूर, मुदत तोकडी, तगादा जवळजवळ शून्य.

उलटं उदाहरण टेराफॉर्मचं, म्हणजे क्लाउडमधली यंत्रणा कोडमधून उभारणाऱ्या टूलचं. तिथे एकाच नावाखाली दोन घड्याळं चालतात. मूळ टेराफॉर्म वर्षातून मोजक्या वेळा मोठं व्हर्जन काढतं, एडब्ल्यूएस या क्लाउडला जोडणारा प्रोव्हायडर मात्र जवळपास आठवड्याला एक. त्या प्रोव्हायडरचा वेग बघून घाबरायचं कारण नाही: क्लाउडमध्ये नव्या सेवा येतात तसं त्याला धावावंच लागतं, आणि व्हर्जन पक्की नोंदवणारी लॉक फाइल असेल तर तुम्ही हलवल्याशिवाय काही हलत नाही. खरा जाच निराळाच होता. ०.१४ च्या आधी नव्या व्हर्जनने लिहिलेली स्टेट फाइल (काय उभारलंय त्याची नोंद) जुनं व्हर्जन वाचायलाच तयार नसायचं. टीममधल्या एकाने उत्साहाने स्वतःचा लॅपटॉप अपडेट करून अप्लाय मारलं की बाकी सगळ्यांनी त्याच दिवशी अपग्रेड करायचं. हा तगादा प्रोजेक्टचा नव्हे, शेजारच्या खुर्चीचा.

वेगाच्या आकड्यात अजून एक खोट असते: त्यातली काही रिलीज धावपळीची असतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावातल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी चार व्हर्जन एका महिन्यात आली. तक्त्यात तो महिना झळकेल, पण ज्यांनी तो काढला त्यांना विचारा. प्रत्येक व्हर्जन आधीच्यात राहिलेलं भोक बुजवत होतं आणि लोक सुट्ट्यांमध्ये तीच तीच सर्व्हिस परत परत डिप्लॉय करत होते. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलची ५.६.० आणि ५.६.१ अशी दोन व्हर्जन आली, दोन्हींत मागचं दार (चोरवाट) बसवलेलं. ज्यांची डिस्ट्रो (लिनक्सचं वितरण) सगळ्यात ताजी होती त्यांच्यापर्यंत ती आधी पोचली. जुन्यावर बसलेले बचावले. यावरून ‘जुनंच बरं’ असं मात्र काढू नका, लॉग-फोर-जेच्या वेळी जुन्यावर बसलेल्यांचीच झोप उडाली होती.

आणि संथ म्हणजे मेलेलं, हेही नाही. कंटेनर चालवणाऱ्या डॉकर इंजिनचं २०.१० डिसेंबर २०२० मध्ये आलं आणि त्यापुढचं मोठं व्हर्जन, २३.०, थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधली दोन वर्षं पॅच येत राहिले आणि जग बिनबोभाट कंटेनर चालवत राहिलं. टोकाचं उदाहरण हवं तर पानं जुळवणारं सॉफ्टवेअर टेक: त्याचा व्हर्जन क्रमांक दर वेळी पाय (π) या संख्येच्या जवळ सरकतो, २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. शेवटच्या रिलीजची तारीख बघणाऱ्याने टेकला केव्हाच तिलांजली दिली असती.

‘स्टेबल’ या शब्दावरही भरवसा ठेवायच्या आधी त्याचा अर्थ विचारून घ्यावा. एंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये मधला आकडा सम असेल तर स्टेबल, विषम असेल तर मेनलाइन (विकास चालू असलेली शाखा). तिथे स्टेबल म्हणजे नवीन फीचर येत नाहीत, एवढंच. सगळे बगफिक्स मेनलाइनला मिळतात, स्टेबलला त्यातले गंभीर तेवढेच. एंजिनएक्सवाले स्वतःच मेनलाइन वापरायला सुचवतात.

आता टूल्सची तुलना करायची वेळ आली की मी रिलीजचा आलेख बघतच नाही असं नाही. दोन वर्षं चिटपाखरू नाही आणि सुरक्षेचे इश्यू उघडे पडलेत, हे त्यातूनच कळतं. पण ठरवतो मी दुसऱ्या पानांवरून. सपोर्टची मुदत भागिले दोन व्हर्जनमधलं अंतर केलं की एका वेळी साधारण किती व्हर्जन सपोर्टमध्ये असतात ते निघतं: कुबरनेटिसला साडेतीन, गोला दोन, पोस्टग्रेसला पाच. मग पायऱ्या गाळता येतात का ते बघायचं. मग मागच्या तीन व्हर्जनच्या अपग्रेड नोट्समधला ‘काढून टाकलं’ हा भाग वाचायचा. फीचरची यादी नंतर. आणि टूल क्लाउडवाल्याकडून घेतलेलं असेल तर त्याच्या तारखा वेगळ्या तपासायच्या. एडब्ल्यूएसच्या ईकेएस या कुबरनेटिस सेवेत चौदा महिन्यांनंतर आणखी बारा महिने जुन्या व्हर्जनवर राहता येतं, पण क्लस्टरचा तासाचा दर सहापट होतो. तगाद्याला थेट बिलात बघायचं असेल तर इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

पॅचच्या बाबतीत मात्र माझा नियम उलटा: जितके नेमाने येतात तितके बरे, आणि ते लावायचा दिवस ठरलेला असावा. फक्त पहिल्याच दिवशी नको. १४ नोव्हेंबर २०२४ च्या गुरुवारी पोस्टग्रेसचं १७.१ आलं, त्यात एका अंतर्गत स्ट्रक्चरचा आकार बदलल्यामुळे काही एक्स्टेन्शन्स (जोड-प्रोग्रॅम) कोसळू शकत होती. २१ तारखेला वेळापत्रकाबाहेर १७.२ काढावं लागलं. पुढच्या खेपेला, १३ फेब्रुवारी २०२५ ला १७.३, आणि पुन्हा आठवड्यात १७.४. तेव्हापासून आमच्या कॅलेंडरमध्ये पोस्टग्रेसचा पॅच दुसऱ्या नाही, तिसऱ्या गुरुवारी असतो. सुरक्षेचं दुखणं थेट आमच्या सेटअपला लागू होत असेल तर त्याच रात्री.