पाचर, खाचा आणि २०१० चा नियम

पावसाळा ओसरून येरवड्याच्या गोल्फ मैदानाचं गवत दाटलं, की पुण्याच्या गोल्फवाल्यांत एक विषय हटकून निघतो. यंदा नवे वेज घ्यायचे का? वेज म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, ग्रीनवर, जवळून चेंडू उंच उडवून टाकायची तिरक्या तोंडाची काठी. ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, बरा गेला, दुसरा फटकाही ग्रीनच्या जवळ पोचला आणि उरलेल्या चाळीस यार्डांना चार फटके लागले, असं लागोपाठ तीन रविवार झालं की माणूस आपल्या हातांकडे न बघता बॅगेकडे बघायला लागतो. मग दुकान. तिथे वेज हातात आला की आधी फेसवरून, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागावरून, नख फिरवायला सांगतात. बघा खाचा कशा लागतात! तुमच्या जुन्याच्या झिजल्यात, म्हणून चेंडू थांबत नाही.

हे अर्धं खरं आहे. पण वेज म्हटलं की आधी खाचांचीच चर्चा का होते, याचं उत्तर मैदानावर कमी आणि नियमांच्या भांडणात जास्त सापडतं.

कोरड्या फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, स्वच्छ बसलेल्या चेंडूला फिरकी द्यायला खाचांची फारशी गरज नसते. फेसचा खडबडीतपणा पुरतो. खाचेचं काम चेंडू आणि फेस यांच्यामध्ये येणारं पाणी, गवत आणि गवताचा रस यांना वाट करून देण्याचं. स्कूटरच्या टायरवरची नक्षी हेच करते. गुळगुळीत झालेल्या टायरवर माणूस अख्खा उन्हाळा लक्ष्मी रोडवरून बिनघोर जातो; जुलैत त्याच टायरवर ब्रेक दाबला की डोळे उघडतात. ओल्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, झिजलेला वेज असाच दगा देतो. चेंडू फेसवरून वर घसरतो, फिरकी न घेताच उडतो आणि ग्रीनवर टप्पा खाऊन पलीकडच्या उतारावर जातो.

आता भांडण. फार पूर्वीपासून खाचा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या असत. लोखंड ठोकून घडवलेल्या क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठीवर, ठशाने खाच पाडायची तर तोच आकार सोयीचा. पुढे मेणाचा नमुना करून साच्यात धातू ओतण्याची पद्धत रुळली आणि त्यात उभ्या भिंतींची, यू अक्षरासारखी खाच सहज निघू लागली. १९८४ साली नियमकर्त्यांनी तिला मान्यता दिली. यू खाचेत पाणी-गवत जास्त मावतं, म्हणून रफमधूनही फिरकी मिळते.

अॅरिझोनातल्या एका कंपनीचं ‘आय टू’ नावाचं मॉडेल तेव्हा धडाक्यात खपत होतं. त्याच्या यू खाचांच्या कडा इतक्या तीक्ष्ण की चेंडूचं मऊ आवरण सोलून निघे. खेळाडूंनी तक्रार केली, कंपनीने कडा किंचित गोल केल्या. एवढ्या साध्या दुरुस्तीतून सगळा गुंता झाला. नियम असा होता की दोन खाचांमधलं अंतर खाचेच्या रुंदीच्या तिप्पट तरी हवं. कड गोल असेल तर रुंदी मोजायची कुठून कुठपर्यंत? गोलाई जिथे सुरू होते तिथून, की भिंत सरळ खाली उतरते तिथून? कंपनी आतून मोजत होती, नियमसंस्था बाहेरून. एका मोजणीने क्लब नियमात बसत होता, दुसरीने बाहेर पडत होता आणि फरक केसाएवढा. शेताच्या बांधाची मोजणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

१९८७ साली अमेरिकेतल्या नियमसंस्थेने हे क्लब नियमात बसत नाहीत असं ठरवलं. १९८९ मध्ये व्यावसायिक स्पर्धा चालवणाऱ्या मंडळाने एक पाऊल पुढे टाकून आपल्या स्पर्धांत यू खाचांवरच बंदी जाहीर केली. कंपनी दोघांविरुद्ध कोर्टात गेली. नियमसंस्थेशी १९९० मध्ये तडजोड झाली: १ एप्रिल १९९० च्या आधी बनलेले हे क्लब कायमचे वैध, त्यानंतरचे बदललेल्या मापाचे. मंडळाशी समझोता व्हायला १९९३ उजाडलं आणि तिथेही यू खाच राहिली. ही १९९० ची तारीख लक्षात ठेवावी. वीस वर्षांनी ती पुन्हा वर आली.

मधल्या काळात खेळ बदलला. २००० च्या सुमारास युरेथेनचं आवरण असलेले बहुथरी चेंडू आले. ते ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, लांब जायचे आणि वेजने थांबायचेही. ड्रायव्हरची डोकी मोठी झाली. व्यावसायिक खेळाडूंचा हिशोब सोपा झाला: जीव खाऊन मारा, रफमध्ये गेला तर जाऊ दे, तिथून वेजने ग्रीनवर थांबवता येतो. नियमसंस्थांनी आकडे मांडले. १९८० च्या दशकात फेअरवेवर चेंडू ठेवण्याचं कसब आणि बक्षिसाच्या यादीतलं स्थान यांचा ठळक संबंध दिसत होता, तो पुढे जवळजवळ नाहीसा झाला होता. म्हणजे रफची शिक्षाच उरली नव्हती. निदान बरोबर होतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

औषध मात्र वेजच्या खाचांवर लावलं गेलं. ऑगस्ट २००८ मध्ये नवा नियम जाहीर झाला, १ जानेवारी २०१० पासून लागू. खाचेत किती माल मावेल यावर मर्यादा आली आणि २५ अंश किंवा त्याहून जास्त लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, असलेल्या क्लबांच्या खाचेची कड किमान ०.०१० इंच, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर त्रिज्येची गोल असली पाहिजे असं ठरलं. यू आकारावर बंदी आली नाही, पण त्याचे दात काढले गेले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने: अव्वल व्यावसायिक स्पर्धांत २०१० पासून, वरच्या दर्जाच्या हौशी स्पर्धांत २०१४ पासून. बाकीच्यांना जुने क्लब वापरायला निदान २०२४ पर्यंत मुभा दिली गेली. कारखान्यांना मात्र नवी मापं धरावीच लागली.

आणि नियम लागू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात १९९० ची ती तारीख उपटली. कॅलिफोर्नियातल्या टोरी पाइन्सच्या स्पर्धेत काही खेळाडू वीस वर्षांपूर्वीचे ‘आय टू’ वेज घेऊन उतरले. नव्या नियमाने त्या खाचा बाद, जुन्या तडजोडीने वैध! एका खेळाडूने या प्रकाराला फसवणूक म्हटलं, त्यावरून गदारोळ झाला, मग माफी मागितली गेली. कायद्याने ज्यांना हात लावता येत नव्हता ते क्लब बाहेर काढायचे कसे, हे नियमसंस्थांनाही सुचेना. शेवटी मार्च २०१० मध्ये कंपनीनेच व्यावसायिक स्पर्धांपुरता आपला हक्क सोडला आणि पडदा पडला.

नियमकर्त्यांची बाजू अशी की क्लबचं माप सगळ्यांना एकच हवं, व्यावसायिकांचं वेगळं आणि हौशींचं वेगळं असा खेळ दुभंगता कामा नये. ते तत्त्व म्हणून ठीक. पण ज्याला अंगापेक्षा फिरकी जास्त झाली होती तो टीव्हीवरचा खेळाडू. येरवड्यात शंभरच्या खाली स्कोअर आणायला झगडणाऱ्या माणसाची ती अडचण कधीच नव्हती. त्याच्या वेजची धार मात्र कमी झाली. आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते साधलं का? लांब मारण्याची हौस काही आवरली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूचाच पल्ला आवरणारा नियम जाहीर करावा लागला, यातच काय ते आलं.

या सगळ्याचा एक उपपरिणाम दुकानांत दिसतो. मर्यादा ठरली तसे सगळे उत्पादक तिच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले. प्रत्येक वेजची खाच यंत्राने कोरलेली, प्रत्येक खाच तपासलेली, दोन खाचांच्या मधल्या जागेत आणखी बारीक रेघा. जाहिरातीला विषय मिळाला. वेजचा दुसरा भाग, जो आपल्याकडे जास्त कामाचा आहे, तो मागे पडला. तो म्हणजे तळ.

वेजला मराठीत पाचर म्हणतात. सुतार लाकूड फोडायला ठोकतो ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे जास्त लॉफ्टचे क्लब खरोखर पाचरीसारखेच होते: पातळ तळ, पुढे धार. मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, मारला की आत शिरायचा आणि तिथेच रुतून बसायचा. त्यावर पहिला उपाय निघाला चमच्यासारख्या खोलगट फेसचा. १९३० ची ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या हौशी खेळाडूनेही तो वापरला होता. पण अशा फेसला चेंडू एकाच फटक्यात दोनदा लागण्याची शक्यता, म्हणून १९३१ मध्ये त्यावर बंदी आली. पुढच्याच वर्षी एका अमेरिकी व्यावसायिकाने आपल्या क्लबच्या तळाला मागच्या बाजूने शिसं चढवलं, इतकं की तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आली. विमानाच्या शेपटीवरून ही कल्पना सुचल्याचं तो सांगत असे. आता क्लब वाळूत रुतायच्या ऐवजी वाळूवरून सरकून वर येऊ लागला. त्या वर्षीची ब्रिटिश ओपन त्याने जिंकली, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या सँडविच गावाजवळ. सँड वेजला याहून शोभेल असं गाव मिळालं नसतं.

तळाच्या या उताराला आज बाउन्स म्हणतात. आणि तो अंशांत छापलेला आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत. लॉफ्ट विचारतात, किंमत विचारतात, बाउन्स जो मिळेल तो. ढोबळमानाने ४ ते ६ अंश कमी, १० च्या पुढे जास्त. फेस उघडला की तो वाढतो, हात पुढे दाबले की कमी होतो, आणि तळ रुंद की अरुंद यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणजे आकडा अंतिम नाही, पण निदान विचारायला तरी हवा.

कारण पुण्याची जमीन वर्षात दोनदा स्वभाव बदलते. जुलै ते सप्टेंबर ती भिजून मऊ असते. तिथे ५ अंश बाउन्सचा वेज घेऊन कुऱ्हाड चालवल्यासारखा फटका मारला, की तो पाचर होतो. चेंडूच्या आधी माती उचलली जाते आणि चेंडू दोन हात पुढे जाऊन बसतो. आपल्यातले बहुतेक जण उभाच फटका मारतात. त्यांना १० ते १२ अंशांचा रुंद तळ बरीच चूक पोटात घेतो. एप्रिल-मे आला की उलटं. जमीन टणक, गवत विरळ, आणि तोच रुंद तळ जमिनीवर आपटून उसळतो. मग धार चेंडूच्या पोटात बसते आणि तो ग्रीन ओलांडून सुसाट जातो. दोन्ही वेळा माणूस स्वतःला शिव्या देतो आणि खाचांना दोष देतो. कॅडी, म्हणजे बॅग उचलून सोबत चालणारे, हे बरोबर ओळखतात. उन्हाळ्यात ग्रीनच्या कडेला तुम्ही छप्पन्न अंशांच्या वेजवर हात ठेवलात की चांगला कॅडी बॅगेतून मुकाट्याने आठ नंबरचा आयर्न, म्हणजे कमी लॉफ्टचा लोखंडी क्लब, काढून पुढे करतो.

लॉफ्टच्या नावांचा घोळ त्या मानाने अलीकडचा. पूर्वी संचातला पिचिंग वेज ५० अंशांच्या आसपास आणि सँड वेज ५५-५६ अंशांचा असे. मधे विचार करण्यासारखं काही नव्हतं. मग आयर्न लांब जावेत म्हणून त्यांचे लॉफ्ट कमी होत गेले आणि आजचा पिचिंग वेज ४४-४५ अंशांवर, काही संचांत त्याच्याही खाली आला. क्लबवरचं अक्षर तेच, क्लब वेगळा. मधे पडलेलं भगदाड भरायला एक जास्तीचा वेज आला आणि त्याला प्रत्येकाने वेगळं बारसं केलं: कुणी गॅप, कुणी अॅप्रोच, कुणी अॅटॅक, कुणी युटिलिटी. साठ अंशांचा लॉब वेज १९८० च्या आसपास व्यावसायिकांच्या बॅगेत आला, नासात काम केलेल्या एका शॉर्ट गेम प्रशिक्षकाच्या आग्रहाने. बॅगेत १४ क्लबांची मर्यादा १९३८-३९ पासून आहे, त्यामुळे वेज वाढले तसे लांबचे आयर्न बाहेर गेले. नवा वेज घेताना म्हणून अक्षर बघू नये, आपल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट आधी शोधावा आणि तिथून चार ते सहा अंशांच्या पायऱ्या मोजाव्यात. ४४ असेल तर ५० आणि ५६ पुरतात. साठचा मोह टीव्ही बघून होतो.

राहता राहिले २०१० च्या आधीचे वेज. पुण्यात ते आजही अनेकांच्या बॅगेत आहेत, हातोहात विकलेही जातात, आणि विकणारा आवाज खाली करून सांगतो की हे जुन्या खाचांचे आहेत. नेहमीच्या खेळात ते अजूनही चालतात. स्पर्धेच्या समितीने खाचांचा स्थानिक नियम लावला असेल तरच अडचण, तेव्हा मोठ्या स्पर्धेआधी विचारून घ्यावं. पण ज्या तीक्ष्ण कडेसाठी ते घेतले जातात, ती पंधरा वर्षं बंकरची वाळू खाऊन बहुतेकांची केव्हाच गेलेली असते. नख फिरवून बघायचंच असेल तर तिथे बघावं.