‘फॉर्म आला नाही, म्हणजे कर नाही’?

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांमध्ये हा समज वर्षानुवर्षं फिरतोय: प्लॅटफॉर्मने आपली कमाई सरकारला कळवली नाही, तर विवरणपत्रात दाखवायची गरज नाही. साफ चूक!

कळवण्याची मर्यादा प्लॅटफॉर्मसाठी असते, विकणाऱ्यासाठी नव्हे. अमेरिकेत वर्षभरात २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार, दोन्ही ओलांडले तरच १०९९-के फॉर्म (विकणाऱ्याची वर्षाची विक्री करखात्याला कळवणारा) पाठवण्याचं बंधन प्लॅटफॉर्मवर आहे. पण स्वयंरोजगारातून ४०० डॉलर निव्वळ नफा झाला की विवरणपत्र भरावंच लागतं. युरोपीय संघातही ३० पेक्षा कमी विक्री आणि २,००० युरोपर्यंतची रक्कम असलेल्याचं नाव वस्तुविक्रीचे प्लॅटफॉर्म कळवत नाहीत. ती करमाफी नव्हे.

‘फॉर्म आला, म्हणजे त्यावरच्या सगळ्या रकमेवर कर’ ही उलटी भीतीही तितकीच पोकळ. फॉर्मवरचा आकडा ढोबळ विक्रीचा, नफ्याचा नाही. समजा माल १,००० डॉलरला गेला आणि कमिशन कापून खात्यात ८६० आले. फॉर्मवर १,०००च दिसतील. अनेकजण बँकेचं पासबुक बघून ८६० लिहितात आणि आकडे जुळत नाहीत. विक्री १,००० दाखवा, १४० खर्चात टाका, मग मालाची खरेदी किंमत, पॅकिंग, टपालखर्च वजा करा. पावत्या मात्र हव्यात.

आणि घरातला जुना कॅमेरा घेतल्यापेक्षा कमी किमतीत विकला असेल तर? तिथे नफाच नाही, म्हणून करही नाही. अर्थात तो तोटा दुसऱ्या कमाईतून वजा करता येत नाही. निदान अमेरिकेत तरी.