रविवारची उपासना आणि घरचा गणपती

युनिटेरियन विचार कोकण किनाऱ्यावर आला तो कोलकात्यामार्गे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य नाकारणारा हा पंथ सोळाव्या शतकात ट्रान्सिल्व्हानियात उभा राहिला. १८२१ मध्ये कोलकात्यात त्याची समिती निघाली, १८२८ मध्ये एकेश्वरवादी ब्राह्म समाज, आणि ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत त्याच वळणाचा प्रार्थना समाज. पुढे प्रार्थना समाजाचे वैचारिक नेतृत्व ज्यांच्याकडे गेले, त्यांत मालवणात जन्मलेले आणि रत्नागिरीत शिकलेले संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरही होते.

या समाजात खरा वाद झाला तो सभासदाकडून काय मागायचे यावर. त्याआधी १८४९ च्या सुमारास मुंबईत जातिभेद मोडू पाहणारी एक मंडळी गुप्तपणे भरत असे. नव्या सभासदाला तिथे ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८६० च्या आसपास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी विस्कटली. त्या धसक्यातून नव्या समाजाने सगळा कारभार उघड ठेवला, पण जात सोडण्याची अट घातली नाही. मूर्तिपूजा ही खरी आराधना नव्हे, हे तत्त्वांत स्पष्ट लिहिले. मात्र सभासदाच्या देवघरात डोकावायचे नाही, असे धोरण ठेवले. म्हणजे रविवारी गिरगावात निराकाराची उपासना करणारा कोकणी गृहस्थ भाद्रपदात गावी जाऊन गणपतीपुढे बसला, तरी त्याचे नाव कमी होत नसे. कोलकात्याच्या कडव्या ब्राह्म मंडळींना हा भित्रेपणा वाटला, इथल्या सनातन्यांना ढोंग. मला तो शहाणपणा वाटतो, कारण घरच्यांशी वैर धरून उपासनेला येणारे किती टिकले असते? किंमत मात्र मोजावी लागली. शिकलेल्या पांढरपेशांपलीकडे समाज फारसा पसरला नाही.

दुसरे कारण उपासनेच्या घडणीतच असावे. तळकोकणात सामुदायिक प्रार्थना नवी नव्हतीच. एकजण गाऱ्हाणे घालतो, 'काय चुकला-माकला आसात तर माफ कर, आडनड दूर कर रे म्हाराजा', आणि सगळे मिळून 'होय म्हाराजा' म्हणतात. त्यात मागणे आहे, तक्रार आहे, नवसाचा हिशेबही आहे. समाजाच्या उपासनेने यातला नवस काढून टाकला. उरले ते स्तवन, प्रार्थना, प्रवचन आणि तुकोबांचे अभंग. तुकोबा घेतले म्हणून ती मराठी झाली. नाहीतर ती विलायती चॅपलची नक्कलच वाटली असती. तरी ज्याची होडी अजून दर्यातून परतलेली नाही, त्याला नुसती कृतज्ञता पुरत नाही.

युनिटेरियनांशी थेट गाठ पुढे पडली. १८९५-९६ मध्ये ब्रिटिश युनिटेरियनांच्या वतीने एक धर्मगुरू हिंदुस्थानात फिरून गेला आणि ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात इथल्या एकेश्वरवादी तरुणांना पाठवण्याची सोय झाली. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ तिथे होते. परतल्यावर ते मुंबई समाजाचे प्रचारक झाले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला अस्पृश्य मुलांची शाळा काढून त्यांनी आपल्या मिशनची सुरुवात केली. जातीचा जो प्रश्न समाजाने चाळीस वर्षे सभासदाच्या मर्जीवर सोडला होता, तो असा पुन्हा दारात आला. १९१० मध्ये त्यांचे प्रचारकपद सुटले. मतभेदांची चर्चा तेव्हाही झाली, अजूनही होते. पण समाजाच्या इतिहासात शाळेपेक्षा त्या कुरबुरींना जास्त पाने मिळावीत, हे पटत नाही.

विलायतेतल्या चॅपलमध्ये शरद ऋतूत पिकाबद्दल आभार मानण्याची उपासना होते. व्यासपीठापुढे पाव, सफरचंदे, भाज्या मांडतात. आपल्याकडे त्याच सुमारास नव्याची पुनव येते: भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान आणि कुरडूचे फूल एकत्र बांधून दाराला लावतात. त्याला ना प्रवचन लागते, ना सभासदत्व. मुंबईच्या समाजाला जे साधले नाही, ते दुसरीकडे साधले: मेघालयातल्या खासी लोकांनी १८८७ मध्ये आपला युनिटेरियन पंथ उभारला तो खासी भाषेत, खेड्यापाड्यांतून, आणि त्यांच्या मंडळ्या आजही भरतात.