निसर्गाचा नियम वेगळा, नैसर्गिक कायदा वेगळा

मिरजेत आमच्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपली की मंडळी आवारात चहाला रेंगाळते. मागे एकदा तिथे समलिंगी विवाहाचा विषय निघाला. एक काका ठामपणे म्हणाले, "हे निसर्गाच्या विरुद्ध आहे." त्यांच्या पुतणीने लगेच विचारलं, "मेंढ्यांच्या कळपातही काही नर नरांकडेच ओढले जातात, काका. मग विरुद्ध कसं म्हणता?" दोघांनाही वाटलं, मुद्दा संपला. मी संडे स्कूलला शिकवतो म्हणून दोघांनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर दोघं 'निसर्ग' हा एकच शब्द वापरत होते, पण बोलत होते दोन निराळ्या गोष्टींबद्दल.

निसर्गाचा नियम म्हणजे जे घडतंच ते. पाणी उताराला वाहतं, सोडलेला दगड खाली पडतो. हा नियम कुणालाच मोडता येत नाही, त्यामुळे या अर्थाने 'निसर्गाच्या विरुद्ध' असं जगात काही घडूच शकत नाही. ख्रिस्ती विचारात ज्याला नैसर्गिक कायदा म्हणतात, तो याहून वेगळा. माणसाचं भलं कशात आहे हे विवेकाने ओळखावं आणि तसं वागावं, असं तो सांगतो. तो मोडता येतो आणि रोज मोडला जातो. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, ज्यांच्याकडे मोशेचं नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर नियम लिहिलेला असतो. ते याच अर्थाने.

मिरजेच्या माणसाला हे सतारमेकर गल्लीत उभं राहून चटकन कळतं. तंबोऱ्याची तार कशीही पिळा, ती पदार्थविज्ञानाच्या नियमानेच कंप पावते. बेसूर तारही तो नियम मोडत नाही. तरी जवारी काढणारा, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद जमवणारा, कारागीर कान लावून सांगतो की अजून जमलेलं नाही, कारण तंबोरा कशासाठी आहे हे त्याला माहीत असतं. नैसर्गिक कायदा या दुसऱ्या जातीचा. म्हणून मेंढ्यांचा दाखला काकांना उत्तर ठरत नाही. आणि 'असं निसर्गात नसतं' एवढ्याने काकांचंही काही सिद्ध होत नाही. निसर्गात उपवास नसतो, ब्रह्मचर्याचं व्रतही नसतं.

खरा वाद पुढेच आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने या कायद्याचं पहिलं सूत्र मांडलं: चांगलं करावं, वाईट टाळावं. मग माणसाच्या स्वाभाविक ओढी सांगितल्या. जीव राखणं, संतती आणि तिचं संगोपन, आणि बुद्धी आहे म्हणून सत्य शोधणं, समाजात राहणं. कॅथलिक परंपरा दुसऱ्या ओढीवर भर देते: विवाह स्त्री-पुरुषांचा, कारण तो संततीकडे वळलेला आहे. समलिंगी जोडप्यांच्या बाजूचे ख्रिस्ती निष्ठा आणि सोबतीवर भर देतात आणि बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातलं "मनुष्य एकटा असावा हे बरे नाही" पुढे ठेवतात. मूल होण्याचं वय उलटलेल्या जोडप्याचं लग्न आपण चर्चमध्ये लावतोच, हा त्यांचा प्रश्न मला सहज झटकता येत नाही. ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमधून मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉ. वॉनलेस इथे आले, त्याच परंपरेतल्या अमेरिकेतल्या मोठ्या चर्चने २०१५ मध्ये आपल्या घटनेतली विवाहाची व्याख्या 'दोन व्यक्तींमधला' अशी केली. आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्यांना ते मान्य नाही.

आणि पौल? रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तो समलिंगी संबंधांना 'निसर्गाविरुद्ध' म्हणतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अकराव्या अध्यायात देव रानटी जैतुनाची (ऑलिव्हची) फांदी चांगल्या जैतुनाला कलम करतो, तेही मूळ ग्रीकमध्ये त्याच शब्दांत, 'पारा फ्युसिन'. पहिल्या अध्यायाची धार याने जात नाही. पण त्या शब्दाचं वजन संदर्भाप्रमाणे बदलतं, एवढं नक्की.

यात सरकारी कायदा मिसळला की गोंधळ दुप्पट होतो. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातलं, त्यात शब्द होते 'निसर्गक्रमाविरुद्ध'. म्हणजे धर्मशास्त्रातली कल्पना उचलून थेट तुरुंगाच्या दारावर लावली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, आणि १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलमच नाही. मला यात नैसर्गिक कायद्याचा पराभव दिसत नाही. अक्वायनस स्वतःच सांगतो की माणसांच्या कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. बहुतेकांना टाळता येतील असे गंभीर दोष, मुख्यतः खून-चोरीसारखे दुसऱ्याला इजा करणारे, तेवढेच रोखावेत. येशूही मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात म्हणतो की मोशेने सूटपत्राची, म्हणजे घटस्फोटाची, मोकळीक दिली ती लोकांच्या मनाच्या कठोरपणामुळे. देवाचा हेतू एक आणि कायद्याची मोकळीक दुसरी, हा भेद शास्त्रातच आहे.

शिक्षा न करणं आणि मान्यता देणं मात्र एक नव्हे. व्हॅटिकनने २००३ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला: सहन करणं वेगळं, कायद्याने मान्यता देणं वेगळं. आक्षेप वजनदार आहे. तरी मला वाटतं, नोंदणी विवाह आधीपासूनच चर्चच्या विवाहाहून वेगळा आहे. घटस्फोटितांचं पुन्हा लग्न कॅथलिक चर्च आपोआप मान्य करत नाही, पण सरकारने ते नोंदवू नये म्हणून आपल्याकडे कुणी ख्रिस्ती माणूस भांडत बसत नाही.

काकांची खरी काळजी शेवटी बाहेर आली. "सर, उद्या आपल्या पाळकसाहेबांना अशी लग्नं लावावी लागतील का?" मी सांगितलं, समलिंगी जोडप्यांची सर्वोच्च न्यायालयापुढची मुख्य मागणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीची होती. त्यात तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार लागतात. पाळक लागत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयाने तीही मागणी नाकारली आणि निर्णय संसदेचा आहे, असं सांगितलं. पुतणी म्हणाली, "म्हणजे काका, तुम्ही चर्चबद्दल बोलत होतात आणि मी सरकारी कचेरीबद्दल." काकांनी कप खाली ठेवला आणि अक्वायनस मराठीत कुठे मिळेल, असं मला विचारलं.