पाळण्यावर किंवा वॉटर पार्कमध्ये दुखापत झाली तर भरपाई कुठे आणि कशी मागायची

मनोरंजन उद्यानात, वॉटर पार्कमध्ये किंवा जत्रेतल्या पाळण्यावर अपघात झाला की पहिले काही दिवस दवाखान्यातच जातात. भरपाईचा विचार सुचतो तोवर तिकीट कचऱ्यात गेलेलं असतं आणि सीसीटीव्हीच्या जुन्या चित्रीकरणावर नवं चढलेलं असतं. पुढचं निम्मं प्रकरण या दोन गोष्टींवर ठरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तिकीट एवढं महत्त्वाचं का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत करमणूक आणि मनोरंजन धरलेलं आहे, आणि फुकट दिलेली सेवा वगळलेली आहे. पैसे मोजून आत गेलात तर तुम्ही ग्राहक. तिकीट स्वतःच काढलेलं हवं असं नाही. मामाने काढलं, शाळेने सहलीसाठी एकगठ्ठा काढलं, तरी सेवेचा लाभ घेणारा म्हणून जखमी माणूस ग्राहक आयोगाकडे (ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणारं मंडळ) तक्रार करू शकतो. जखमी मूल अज्ञान (१८ वर्षांखालचं) असेल तर आईवडील किंवा कायदेशीर पालक, माणूस दगावला असेल तर त्याचे वारस तक्रारदार होतात. कागदी तिकीट हरवलं तर यूपीआयची नोंद, बुकिंगचा मेसेज, मनगटावरचा पट्टा यांतलं जे असेल ते जपा.

कोणत्या आयोगाकडे जायचं याबद्दल मोठा गैरसमज आहे. अनेकांना वाटतं, भरपाई ६० लाखांची मागायची म्हणजे थेट राज्य आयोग. तसं नाही. आता हद्द ठरते ती मोजलेल्या मोबदल्यावर, म्हणजे सेवेसाठी दिलेल्या पैशांवर, मागितलेल्या रकमेवर नव्हे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. प्रवेश तिकिटाचा मोबदला काही ५० लाखांवर जात नाही, म्हणजे दार जिल्हा आयोगाचंच. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीचं शुल्कही नाही. आणखी एक सोय फारशी कुणाला माहीत नसते: अपघात भलत्याच जिल्ह्यात झाला असला तरी तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते.

तक्रार करायची मुदत २ वर्षांची. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण तो मंजूर होईलच या भरवशावर राहू नये. 'आधी पोलीस तपास संपू दे' म्हणून थांबणारे इथेच फसतात. फौजदारी प्रकरण आणि भरपाईची तक्रार या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि दोन्हींवर एकाच वेळी चालता येतं.

कागदपत्रं

तिकीट किंवा पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, दवाखान्याचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, बिलं, कायमचं अपंगत्व आलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र, बुडालेल्या पगाराचा दाखला, जागेचे आणि जखमेचे फोटो. दवाखान्यात दाखल होतानाच 'अपघात अमुक ठिकाणी, अमुक पाळण्यावर' असं स्पष्ट लिहून घ्या आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद करायला सांगा. घाईत 'घरी पाय घसरून पडले' असं लिहिलं गेलं, तर समोरचा वकील वर्षभर तोच कागद फडकावतो.

शक्य तितक्या लवकर उद्यानाच्या व्यवस्थापनाला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रीकरण आणि त्या राईडच्या देखभालीची नोंदवही जपून ठेवावी. एवढ्या साध्या पत्रानंतर चित्रीकरण 'मिळत नाही' म्हणणं त्यांना अवघड जातं. स्वतःचे मोबाइलवरचे व्हिडिओ द्यायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (व्हिडिओ कोणत्या उपकरणावर, कसा काढला हे सांगणारं) सोबत लागतं. राईडचा परवाना आणि तपासणीचे अहवाल सरकारी कार्यालयातून माहिती अधिकारात मागवता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस.

'राईडचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर' हा फलक दिसला की लोक निम्मे गार होतात. तसं होऊ नका. रांगेत ढकलणाऱ्याची किंवा पट्टा मुद्दाम सोडणाऱ्याची जबाबदारी त्याची स्वतःची, हे खरं. पण यंत्राची देखभाल, प्रशिक्षित माणूस, जीवरक्षक हे पुरवण्याची जबाबदारी फलक लावून झटकता येत नाही. केरळातल्या कोवळमला सरकारी पर्यटन महामंडळाच्या एका हॉटेलात पोहण्याच्या तलावात पाहुणा बुडाला होता. जीवरक्षकाकडे बारमधलं कामही सोपवलेलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलचा निष्काळजीपणा मान्य करून राष्ट्रीय आयोगाचा भरपाईचा आदेश कायम ठेवला.

तक्रार दाखल केल्यावर

तक्रार आणि शपथपत्र प्रत्यक्ष किंवा ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर दाखल करता येतं. कुठे अडलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. घटनाक्रम तारखेनिशी लिहा आणि मागणी फोडून मांडा: उपचाराचा खर्च इतका, बुडालेली कमाई इतकी, पुढचे उपचार इतके, शारीरिक-मानसिक त्रासापोटी इतके. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. मग सामनेवाल्याला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. निकाल ३ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेव्हा घरच्यांना ३ महिन्यांचा शब्द देऊ नका. वकील सक्तीचा नाही. हाड मोडून बरं झालं असेल तर स्वतः लढता येतं. कायमचं अपंगत्व असेल तर मात्र वकील घ्यावाच असं माझं मत, कारण आयुष्यभराच्या कमाईचा हिशेब मांडणं सोपं नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. निकालावर अपील ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे. आदेश पाळला नाही तर कैदेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

पोलिसांत फिर्याद द्यायची तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ (जीव धोक्यात घालणारं कृत्य) आणि २८९ (यंत्राबाबत हयगय) लागू शकतं. मृत्यू झाल्यास १०६. घरी परतला असाल तर जवळच्या ठाण्यातही झिरो एफआयआर (घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी घेतली जाणारी फिर्याद) नोंदवता येतो.

प्रवेश फुकट असेल, म्हणजे महापालिकेच्या बागेतला तुटका झोपाळा वगैरे, तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी न्यायालय. इथे घड्याळ फार वेगाने धावतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार दाव्याआधी १ महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि दावा ६ महिन्यांत आणावा लागतो. जागा राज्य सरकारची असेल तर नोटीस २ महिन्यांची.

आणि उद्यानाचा माणूस दवाखान्यात बिलाचे पैसे घेऊन आला तर? पैसे घ्यायला हरकत नाही. पावतीवर 'उपचारखर्चापोटी आंशिक रक्कम' असं स्वतःच्या हाताने लिहा. 'पूर्ण व अंतिम' असं छापलेलं असेल तर सही करू नका, मग तो कितीही अजीजीने बोलत असला तरी.