हृदय मिठाचा हिशेब ठेवतं

दम लागतो म्हणून डॉक्टर ‘बीएनपी’ तपासायला सांगतात आणि घरचे त्या अक्षरांचा अर्थ शोधायला बसतात. बी म्हणजे ब्रेन! दुखणं हृदयाचं, मग तपासणी मेंदूची कशाला? घोळ नावाचा आहे. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना हे संप्रेरक (हार्मोन) पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं आणि तेच नाव पडलं. आपल्या रक्तातलं बीएनपी येतं ते मुख्यतः हृदयाच्या निलयांतून, म्हणजे खालच्या कप्प्यांतून.

हृदय संप्रेरक बनवतं, हेच पुष्कळांना नवं असतं. शाळेत आपण हृदयाला पंप म्हणून शिकतो आणि तिथेच थांबतो. अलिंदांच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, स्नायुपेशींत ग्रंथींच्या पेशींसारखे बारीक कण असतात, हे १९५०च्या दशकातच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. त्यांचं काम कळायला १९८१ उजाडलं. कॅनडात अडोल्फो डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी अलिंदांचा अर्क उंदरांच्या शिरेत टोचला, आणि काही मिनिटांतच त्यांच्या लघवीतून सोडियम आणि पाणी भराभर बाहेर पडू लागलं. त्या अर्कातला कर्ता म्हणजे एएनपी (एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड) हे संप्रेरक, २८ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. रक्ताचं आकारमान वाढून अलिंदाची भिंत ताणली गेली की ते रक्तात सुटतं.

आता मूत्रपिंडाकडे वळू. तिथे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं. त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक परत रक्तात घेतलं जातं. म्हणजे या परतीच्या वाटेवर किंचित अडवणूक केली, तरी लघवीतलं मीठ कितीतरी पटींनी वाढतं. एएनपी गाळण्याचा वेगही वाढवतं आणि सोडियम राखून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरोनला आवर घालतं. पण मला वेड लावलंय ते मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकेच्या, म्हणजे लघवी जिथे शेवटी गोळा होते त्या नळीच्या, पेशीत जे घडतं त्याने.

या पेशीच्या नळीकडच्या बाजूला सोडियम आत घेणाऱ्या वाहिन्या असतात, तर रक्ताकडच्या बाजूला पंप. पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि नळीतलं सोडियम आपोआप आत ओढलं जातं. एएनपी पेशीच्या आत शिरतच नाही. ते पेशीपटलावरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आणि गंमत अशी की हा ग्राही स्वतःच विकर (एन्झाइम) आहे: डोकं बाहेर, शेपूट आत. बाहेर एएनपी बसलं की आतली शेपूट जागी होते आणि पेशीतल्या जीटीपी या रेणूपासून चक्रीय जीएमपी नावाचा रेणू बनवू लागते. मध्ये कुणी दलाल नाही. हा चक्रीय जीएमपी एका प्रकारच्या वाहिनीवर थेट जाऊन बसतो आणि ती मिटते. शिवाय तो एका काइनेज विकराला कामाला लावतो आणि ते विकर फॉस्फेट चिकटवून वाहिन्यांना आणखी आवरतं. पलीकडचा पंपही मंदावतो. वाट अडली की सोडियम नळीतच राहतं आणि पाण्याला सोबत घेऊन बाहेर पडतं. डोळ्याच्या दृष्टिपटलात हाच चक्रीय जीएमपी वाहिन्या उघडतो! निरोप तोच, पण अर्थ ठरवते ती ऐकणारी वाहिनी.

गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर लघवीला का होते, त्याचंही उत्तर बरंचसं इथेच आहे. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि अलिंद ताणलं जातं.

इतकी नेमकी व्यवस्था शरीरात क्षणोक्षणी चालू असताना ‘शरीरातलं जास्तीचं मीठ धुऊन काढणारं’ डिटॉक्स पेय विकलं जातं, याचा मला संताप येतो. निकामी होत चाललेल्या हृदयाच्या रुग्णाने अशा पेयाच्या भरवशावर औषध सोडलं, तर ते जिवावर बेतू शकतं.

अशा रुग्णांत एएनपीसारखंच काम करणारं बीएनपी भरपूर असतं, पण मूत्रपिंड त्याला पुरेशी दाद देत नाही, कारण अल्डोस्टेरोनची बाजू वरचढ झालेली असते. त्यातच नेप्रिलायसिन नावाचं विकर या संप्रेरकांचे तुकडे करत असतं. सॅक्युबिट्रिल हे औषध त्या विकरालाच रोखतं. २०१५ पासून ते वालसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या जोडीने वापरात आहे. मात्र हे औषध चालू असताना बीएनपीचा आकडा औषधामुळेही वाढू शकतो. म्हणून अशा वेळी डॉक्टर सहसा एनटी-प्रोबीएनपी तपासतात. बीएनपी तयार होताना कापून वेगळा झालेला हा तुकडा नेप्रिलायसिनच्या तावडीत सापडत नाही.